डोळे काय म्हणतात

रविवार, ता. ३

तर सगळ्यात आधी कोण आलं, तर खालच्या मजल्यावरची बाई. माझी बॅग अजून दाराबाहेर, एक चप्पल पायात, एक हातात, आणि ही हजर. साखर मागायला आले म्हणाली. हातात वाटी नाही, डबी नाही. साखर काय ओंजळीत नेणार होती? मी कोण, कुठून आले, गुडघे कसे आहेत, मुलगा काय करतो, सुनेशी पटतं का, सगळं पाच मिनिटांत काढून घेतलं बयेने. आणि साखर न घेताच गेली. मी तिचं नाव चौकशी खिडकी ठेवलं. भिंगरी इतकी हसली की तिला ठसका लागला.

भिंगरी म्हणजे माझी नात, लेकीची लेक. लहानपणी एका जागी टेकायची नाही म्हणून मी भिंगरी म्हणायचे, तेच राहिलं. आता तीस वर्षांची झाली, एकटी राहते. मला म्हणाली, आजी, मामाकडे खूप राहिलीस, आता माझ्याकडे ये. मी काय, बोलावण्याचीच वाट बघत होते. सुनेने बॅग भरायला जी मदत केली, तेवढी तिने उभ्या जन्मात केली नव्हती.

घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघराच्या खिडकीला हिरवे गज. समोर हॉस्पिटलची मागची बाजू दिसते, तिथे गच्चीवर पांढऱ्या चादरी वाळत घालतात, शंभर तरी असतील. वारा आला की सगळ्या एकदम फुगतात. मी तासभर बघत बसले. मोतीबिंदू काढल्यापासून माझी नजर अशी लख्ख झालीय की चादरीवरचं ठिगळसुद्धा दिसतं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी!

ही वही भिंगरीनेच दिली. म्हणाली, मी कामाला गेले की तुला बोलायला कोणी नसणार, तर हिच्याशी बोल. मी चौथीत शाळा सोडली, पण अक्षर बरं आहे. उजव्या हाताचं पहिलं बोट लहानपणी दारात चेंगरलं, ते वाकडंच राहिलं, म्हणून पेन जरा वेगळं धरते, इतकंच. आणि चहाला मला कप दिलाय तो निळ्या माशाचा. कान तुटका, पण मासा फार गोड आहे.

मंगळवार, ता. ५

आज भिंगरीला धरून बसवलं आणि विचारलं की बाई, तू नेमकं करतेस काय? चौकशी खिडकीने विचारलं तर मला धड सांगता आलं नाही. डोळ्यांचं काहीतरी, म्हणाले. ती म्हणाली, म्हणजे चष्म्याचं दुकान का.

तर काम असं. नाकाच्या मागे, मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते सगळ्यांना. कुणाकुणाला तिथे गाठ होते. आणि तिच्या अगदी डोक्यावरून डोळ्यांच्या नसा जातात. गाठ वाढली की नसा दाबते, मग माणसाला आधी कडेचं दिसेनासं होतं, डावीकडचं, उजवीकडचं, घोड्याला झापडं लावल्यासारखं. मोठे डॉक्टर नाकपुडीतून आत जाऊन ती गाठ काढतात. नाकातून! मी म्हटलं, आणि तुझी आई लहानपणी नाकात शेंगदाणा घालून बसली तेव्हा चार माणसं लागली होती काढायला.

पण गाठ काढताना नसेला जरा ओढ बसली की नजर जाते. पेशंट झोपलेला, त्याला विचारायचं कसं? म्हणून भिंगरी. ती पेशंटच्या मिटल्या डोळ्यांवर एक चष्मा बांधते, त्यात लाल दिवे लुकलुकतात. आणि डोक्याच्या मागे तारा लावते, कारण बघतात डोळे, पण दिसतं म्हणे मागे. लाल उजेड डोळ्यातून मागे पोचला की पडद्यावर रेघ उठते, डोंगर-दरी, डोंगर-दरी. रेघ बसायला लागली की भिंगरीने थांबा म्हणायचं, की मोठे डॉक्टर हात काढतात. एवढा मोठा माणूस, आणि आमच्या भिंगरीच्या एका शब्दावर थांबतो.

ते मधेमधे विचारतात, डोळे काय म्हणतात? ही सांगते, खुशीत आहेत. असं ठरलेलंच आहे त्यांचं. आता आमच्या घरातही तेच सुरू झालंय. ती दारातून ओरडते, आजी, डोळे काय म्हणतात? मी आतून म्हणते, खुशीत.

रविवार, ता. १०

आज मी हॉस्पिटल बघून आले, आणि तेही ठणठणीत असताना! भिंगरीकडे नवं यंत्र आलंय, पेटीत मावेल एवढं. ते चालवून बघायला कोणाच्या तरी डोक्याला तारा लावायच्या होत्या. मी म्हटलं, माझं डोकं दिवसभर रिकामंच असतं, लाव.

खोली लहान, पंखा बंद, औषधाचा वास. केसांच्या मुळाशी थंडगार मलम लावून तारा चिकटवल्या. डोळे मिटले, वर तो चष्मा. आणि मग लाल. लाल, काळं, लाल, काळं. लहानपणी उन्हाकडे तोंड करून डोळे मिटायचो ना, तसं, पण कोणीतरी आत-बाहेर करतंय असं. मजा वाटली.

मग तिने पडद्यावर माझी रेघ दाखवली. काय सांगू! कशिद्याच्या टाक्यासारखी, एकसारखी, एक टाका मागे-पुढे नाही. भिंगरी म्हणाली, आजी, पंचविशीतल्या पोरींची अशी नसते. नमुना म्हणून ठेवते यंत्रात. आणि नावाच्या जागी लिहिलं, आजी.

घरी येताना मी चौकशी खिडकीला मुद्दाम जिन्यात गाठून सांगितलं. तिने सगळं दोनदा सांगायला लावलं.

बुधवार, ता. १३

भिंगरी चारलाच घरी आली. चेहरा पिठासारखा. बेसिनपाशी उभी राहून हात धूतच राहिली, धूतच राहिली. मी नेहमीसारखं आपलं विचारलं, काय गं, डोळे काय म्हणतात? तिने दोन्ही कान झाकून घेतले.

जेवली नाही. मी उशाशी बसले, तर म्हणाली, आजी, काही विचारू नको. नाही विचारलं.

गुरुवार, ता. १४

सकाळी सांगितलं. बूट हातात घेऊन जमिनीवर बसली होती, ते घालायचेच विसरली.

काल एका बाईचं ऑपरेशन होतं. शिवणकाम करते ती, शाळेच्या मुलांचे गणवेश. चौतीस वर्षांची, पाच वर्षांची मुलगी आहे. सकाळी पाहुणे डॉक्टर आले होते, तर मोठे डॉक्टर म्हणाले, यांना नव्या यंत्रावर चांगली रेघ कशी दिसते ते दाखव. हिने माझी उघडली. इतक्यात पेशंटला आत घेतलं. धावपळ. हिने तारा लावल्या, चष्मा बांधला, दिवे सुरू केले, सगळं केलं. फक्त माझी रेघ बंद करायची राहिली. ती नमुन्याची रेघ संपली की आपोआप पहिल्यापासून सुरू होते. चार तास पडद्यावर माझी रेघ चालू होती आणि त्या बाईची कोणी बघतच नव्हतं.

मोठ्या डॉक्टरांनी अकरा वेळा विचारलं, डोळे काय म्हणतात. अकरा वेळा आमच्या पोरीने सांगितलं, खुशीत आहेत.

तारा काढताना तिला पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरं दिसली. आजी.

ती बाई शुद्धीवर आली तर दिवे का घालवलेत म्हणून विचारत होती.

भिंगरी म्हणाली, मी आज सगळं सांगून टाकते. मी म्हटलं, सांगून त्या बाईचे डोळे येणार आहेत का? नोकरी जाईल, तुरुंगात टाकतील, तुझ्या आईचं काय होईल? ऑपरेशनमध्ये कधी कधी असं होतं, असं डॉक्टरही म्हणतातच ना? माझी रेघ पुसून टाक, म्हटलं. कोण बघायला गेलंय. ती नाही नाही म्हणत होती. मी तिला माझ्या गळ्याची शपथ घातली.

संध्याकाळी आली आणि म्हणाली, पुसली.

लेकराच्या लेकरासाठी कोणीही हेच केलं असतं. मी असं लिहिते आहे, आणि लिहिताना अक्षर जरा हललं.

शनिवार, ता. १६

मला दारांचा अंदाज येईना झालाय. उजवा खांदा दोनदा चौकटीला आपटला. चादरी बघायला खिडकीत बसले तर मधल्याच दिसतात. कडेच्या बघायला मान वळवावी लागते. वय आहे, दुसरं काय.

पण आज भिंगरीने एक सांगितलं, ते काही मनातून जात नाही. ती शिवणबाई म्हणे नर्सला सांगत असते की मला दिसतं. डॉक्टरांनी बॅटरी डोळ्यात मारली, तर काही नाही, मिट्ट. पण ती म्हणते, दिसतं, फक्त इथलं नाही. डॉक्टर म्हणाले, नजर गेलेल्यांना असे भास होतात, मेंदू आपला रिकाम्या जागी चित्रं लावत बसतो.

मी विचारलं, तिला काय दिसतं? भिंगरी म्हणाली, स्वयंपाकघर. खिडकीला हिरवे गज. एक कप, त्यावर मासा.

आम्ही दोघी त्या कपाकडे बघत बसलो. मग भिंगरीने तो उचलून कपाटात मागे ठेवला आणि म्हणाली, माशाचे कप काय, घरोघरी असतात.

सोमवार, ता. १८

आज मी जे केलं ते करायला नको होतं.

दिवसभर जीव थाऱ्यावर नव्हता. वाटलं, खरंच बघत असेल ती माझ्या डोळ्यांतून, तर एकदा तरी तिच्याशी बोलावं. पण ती ऐकत थोडीच असणार, नुसतं दिसतं तिला. म्हणून मी न्हाणीघरातल्या आरशापुढे उभी राहिले. माझ्याच डोळ्यांत रोखून बघितलं आणि हात जोडले. ओठ हलवून हळू हळू म्हटलं, माफ कर बाई. चूक झाली. दोनदा म्हटलं.

आरशातली म्हातारी मला ओळखीची वाटली नाही. मी हात खाली घेतले तरी ती जरा उशिरानेच— नाही, तसं नसेल. डोळ्यांत पाणी होतं माझ्या.

भिंगरी आली ती धावतच. शिवणबाईने आज दुपारी नर्सला हाक मारली म्हणे. एक म्हातारी माझी माफी मागते आहे, पांढरे केस, उजवं बोट वाकडं. का मागते आहे माफी, म्हणून विचारत होती. आणि मग म्हणाली, थांबा, तिने ते लिहूनच ठेवलंय. मी वाचलंय.

वही! मी लिहिताना वहीकडेच बघते ना. गुरुवारचं सगळं मी डोळे उघडे ठेवून लिहिलं. अकरा वेळा खुशीत. पुसून टाक. सगळं.

आत्तासुद्धा बघते आहे. बाई, तू हे वाचत असशील तर

बुधवार, ता. २०

आल्या. सकाळी अकराला, शिवणबाई आणि तिची नणंद. तिला कालच घरी सोडलं. काळा चष्मा नाही, काठी नाही. चौकशी खिडकीने जिन्यात अडवून विचारलं, कोणाकडे, तर म्हणाली, मला घर माहीत आहे. रोज बघते.

भिंगरी कामावर होती. मी दार उघडलं आणि पटकन डोळे मिटले. नणंद म्हणाली, आजी, मिटून काय होणार, आम्ही आलोच आहोत. बसायला खुर्ची मीच दिली, डोळे मिटून, चाचपत. सवय हो. पाहुणे आले की खुर्ची द्यायची.

मला वाटलं, शिव्या देईल. तिने वहीतल्या ओळी म्हणून दाखवल्या, शाळेत कविता म्हणतात तशा. लेकराच्या लेकरासाठी कोणीही हेच केलं असतं. मग म्हणाली, आजी, मलाही लेकरू आहे. बाहेर जिन्यात उभं आहे. तिच्याकडे बघा.

एवढंच मागितलं.

मी डोळे उघडले. नणंदेने मुलीला आत आणलं. दोन वेण्या, गुडघ्याला खपली, अंगावर आईनेच शिवलेला पिवळा फ्रॉक. शिवणबाई भिंतीकडे तोंड करून बसली होती, आणि मी मुलीकडे बघत होते. एकदम भिंतीकडे तोंड करूनच ती रडायला लागली. म्हणाली, पुढचा दात कधी पडला हिचा? मला कोणी सांगितलं का नाही?

मीही रडले. मी रडले तर ती म्हणाली, रडू नका, पुसट होतं.

जाताना नणंदेने सांगून ठेवलं, रोज अकराला येऊ. दोन तास बघायचं. नाही म्हणालात तर वहीत काय आहे ते आम्हाला पाठ आहे, मोठ्या डॉक्टरांना म्हणून दाखवू.

भिंगरीला मी हे सांगितलेलं नाही.

शुक्रवार, ता. २२

काल आल्या. आज आल्या. मुलगी समोर चित्रं काढते आणि मी बघते. पापणी मिटली की शिवणबाई दचकते आणि म्हणते, आजी, पापण्या किती मिटता हो. मान वळवून खिडकीकडे बघितलं तर म्हणते, चादरी नकोत. तिच्याकडे.

मला आता समोर ताटलीएवढंच दिसतं. बाकी काळं. भिंगरी म्हणाली होती तसं, झापडं लावल्यासारखं. मला गाठ नाही, ऑपरेशन नाही. मग माझं कोण नेतंय?

मी तिला विचारलं. म्हटलं, पोरी, मला कमी दिसायला लागलंय गं. ती म्हणाली, हो ना, मला जास्त.

तुमची रेघ यंत्रातून पुसलीत ना, म्हणाली. म्हणजे आता ती फक्त माझ्याकडेच आहे.

शनिवार, ता. २३

डोळ्यांवर पट्टी बांधली. भिंगरीची पांढरी ओढणी, चार घड्या करून. भिंगरीला सांगितलं, डोळे आलेत. मी बघितलंच नाही तर ती काय बघणार? माझे डोळे आहेत. माझे.

हे न बघता लिहिते आहे. वाकडं बोट ओळीवर ठेवायचं आणि त्याच्या वरून लिहीत जायचं. वाचता येत असेल की नसेल. नसेल तर बरंच, तिलाही येणार नाही.

अकराला दार वाजलं. उघडलं नाही. बराच वेळ वाजत होतं. मग नणंदेचा आवाज आला, बघा हं आजी. आणि पावलं खाली गेली.

आता मन जरा

रविवार, ता. २४

पट्टीच्या आत दिसतं.

आधी लाल. लाल, काळं, लाल, काळं, त्या दिवशीसारखं. मग शिवणयंत्र. काळं, सोनेरी वेलबुट्टीचं, चाकाजवळची बुट्टी घासून गेलेली. मी ते जन्मात पाहिलेलं नाही. मग दोन हात आले. माझे नाहीत, तरुण हात, बोटं सरळ. कापड सरकवत होते सुईखाली. मग मान वर झाली, मला न विचारता, आणि समोर ती दोन वेण्यांची मुलगी.

मी पट्टी ओढून काढली. पट्टी काढल्यावर काळोख. खिडकी उघडली, ऊन गालावर लागलं, चादरींचा फडफड आवाज आला. आणि काळोखात ते शिवणयंत्र, चालू.

माझे डोळे उघडे आहेत. बोट लावून बघितलं. उघडे आहेत.

सोमवार, ता. २५

भिंगरी नाचत आली. नाचतच, पावलांवरून कळलं. मला मिठी मारली. आजी, शिवणबाईंना दिसायला लागलं! सूज उतरली म्हणे, असं होतं कधी कधी. मोठे डॉक्टर म्हणाले, आपण सगळे वाचलो. आजी, मी वाचले गं. आणि तिने विचारलं, इतक्या दिवसांनी, डोळे काय म्हणतात?

मी म्हटलं, खुशीत.

असू दे. अठ्ठ्याहत्तर वर्षं बघितलं, पुष्कळ झालं. तिची नोकरी राहिली, त्या पोरीला आई मिळाली. भिंतीला हात लावून मी चालेन. बेसिन बारा पावलं, दार सात. कळू द्यायचं नाही. चहासुद्धा केला आज, बोट कपात घालून मापला, भाजलं, पण केला.

दिवसभर टाके दिसतात. टाके, टाके, टाके.

मंगळवार, ता. २६

कळलं तिला. मी चहा कपाबाहेर ओतत होते.

माझ्या तोंडापुढे हात हलवला असणार, वारा लागला. मग माझ्या मांडीत डोकं घालून— मी सगळं सांगितलं. पहिल्यापासून. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, चूक माझी आणि रेघ तुझी का जावी, आजी?

मी म्हटलं, जाऊ दे. मी म्हातारी.

म्हणाली, जाऊ देणार नाही.

तिचा तो आवाज मला आवडला नाही.

बुधवार, ता. २७

आज शिवणबाईची तपासणी. मी इथे खाटेवर, आणि मला हॉस्पिटल दिसतंय. ती लहान खोली, बंद पंखा. आणि भिंगरी. माझी भिंगरी, किती दिवसांनी बघितली! वाळलीय. डोळ्यांखाली काळं. हसते आहे पण

शिवणबाई तिच्याकडेच बघत राहिली. डॉक्टरांकडे नाही, पडद्याकडे नाही. भिंगरीच्या डोळ्यांकडे. नजर हलवेना. बाजारात आपण जिन्नस उचलून उजेडात बघतो ना— तशी.

मग भिंगरीने तो चष्मा घेतला आणि स्वतःच्या डोळ्यांवर बांधला. स्वतःच्या डोक्याला तारा लावल्या. मी ओरडले, नको. इथे ओरडून काय. पडद्यावर रेघ उठली. एकसारखी, टाक्यासारखी. माझ्यासारखीच.

ठेवली तिने यंत्रात.

घरी गेल्यावर शिवणबाईने कागद घेतला आणि लिहायला लागली. मी वाचावं म्हणून सावकाश, मोठ्या अक्षरात. आजी, तुमची नजर चांगली आहे. पण तुम्ही अठ्ठ्याहत्तरच्या. तुम्ही गेल्यावर मी पुन्हा अंधारात. मुलगी पाच वर्षांची आहे. नात तीसची आहे. ती स्वतःहून हो म्हणाली, मी जबरदस्ती केलेली नाही. तिची घेतली की तुमची परत. शुक्रवारी येतो. खुर्ची द्या.

भिंगरी आली तर बरोबर काहीतरी जड होतं. टेबलावर ठेवलं. चाचपलं मी. त्या यंत्राची पेटी.

पाया पडते म्हटलं. आजी नातीच्या पाया पडते म्हटलं. तर तिने माझे हात धरले आणि म्हणाली, शुक्रवारी सगळं ठीक होईल.

गुरुवार, ता. २८

एक दिवस आहे हातात. पेटी फोडीन. उचलून खिडकीतून— गज आहेत. जिन्यावरून टाकीन. दार सात पावलं. चौकशी खिडकीला हाक मारीन, सगळं सांगीन, ती जगाला सांगेल, सांगू दे. नोकरी जाऊ दे, तुरुंग होऊ दे, डोळे राहू देत पोरीचे— मीच पुसायला लावली— मीच

भिंगरी घरीच आहे. आज सुट्टी का घेतली?

टाके थांबलेत. यंत्र दिसत नाही. दिसतंय— पायऱ्या. आपल्या पायऱ्या. पिवळा फ्रॉक पुढे चालतोय. चौकशी खिडकीचं दार गेलं. तिसरा मजला— आमचं दार. बाहेरून.

मी वाचते हे तिला ठाऊक होतं. म्हणून तसं लिहिलं—

दार वाजलंच नाही. आतून उघडलं. भिंगरी. केसांत तारा. तिच्या मागे टेबलाशी एक म्हातारी लिहीत बसलीय, वाकडं बोट ओळीवर, डोळे उघडे— मान वर करतेय ती, नको करू—

शुक्रवारी येतो म्हणाल्या होत्या. शुक्र